वाचकांचे प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर नाइट सिटी

प्रश्न : ऑफिसातून निघालेला स्लिम डेस्कटॉप स्वस्तात मिळाला आहे. आय५-३४७० प्रोसेसर, ८ जीबी रॅमची एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क, २४० वॉटचा पॉवर सप्लाय. यावर 'सायबरपंक २०७७' (नाइट सिटी या शहरात घडणारा गेम) खेळता येईल का?

येईल, पण सेकंदाला ३० फ्रेम्सवर (चित्रांवर) समाधान मानावं लागेल. २०२३च्या २.० अपडेटपासून किमान गरज आय७-६७००, १२ जीबी रॅम, ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी (चिपवर साठवणारी वेगवान डिस्क) अशी आहे. तुमचा प्रोसेसर २०१२चा, चार कोअर आणि चारच थ्रेडचा, म्हणजे एका वेळी चारच कामं करणारा. गर्दीच्या चौकात फ्रेम्स घसरणार, हे धरूनच खर्च करा.

पहिला खर्च एसएसडीचा. गेमलाच ७० जीबी लागतात, म्हणून ५०० जीबीची २.५ इंची साटा (केबलने बोर्डाला जोडायची) एसएसडी घ्या. गाडी वेगात असताना पुढचं शहर डिस्कवरून सतत वाचलं जातं. हार्ड डिस्क मागे पडली की रस्ते आणि भिंती उशिरा उमटतात. जुन्या बोर्डांवर सगळे साटा पोर्ट सारख्या वेगाचे नसतात. ६ जीबीपीएसचा पोर्ट शोधून त्यालाच केबल लावा आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) डिस्कसाठी एएचसीआय मोड आहे ना, ते पाहा.

मग रॅम. डीडीआर३-१६००च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या जोडीच्या स्लॉटमध्ये बसवा, म्हणजे ड्युअल चॅनल (दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरणं) सुरू होतं. बाजारात फारच स्वस्त मिळणाऱ्या पट्ट्या बहुधा सर्व्हरच्या, रजिस्टर्ड ईसीसी असतात. त्या घालून तुमचा संगणक सुरूच होणार नाही.

ग्राफिक्स कार्ड निवडताना सर्वांत जास्त चुका होतात. स्लिम कॅबिनेटला कमी उंचीचं, लो-प्रोफाइल कार्डच लागतं, आणि पॉवर सप्लायला कार्डासाठी वेगळी वायर नसते. स्लॉटमधून ७५ वॉट मिळतात. जीटीएक्स १६५० (४ जीबी) तेवढ्यावर चालतं. मात्र याच नावाच्या काही कार्डांना ६ पिनची जोडणी लागते, तेव्हा फोटो नीट पाहूनच पैसे द्या. कार्ड बहुधा दोन स्लॉट रुंद असतं, म्हणून आधी पट्टीने जागा मोजा. ५३ वॉटचं आरएक्स ६४०० मोहात पाडतं, पण त्याला पीसीआय-ई (कार्डाची बोर्डाशी जोडणी) ४.०च्या चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, आहेत. तुमच्याकडे ३.० असल्याने त्या जोडणीचा वेग अर्धा होतो. १६५० बरं.

सेटिंग्जमध्ये रिझोल्यूशन १९२० × १०८० ठेवून एफएसआर 'क्वालिटी'वर लावा. मग चित्र आत १२८० × ७२० मध्ये तयार होऊन मोठं केलं जातं. पिक्सेल सव्वादोन पटीने कमी होतात. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचं जड गणित) बंद, रिफ्लेक्शन आणि धुकं 'लो', टेक्स्चर 'मीडियम' (हे फक्त मुख्य मेन्यूतून बदलतं). एफएसआर कार्डाचा भार हलका करतं, प्रोसेसरचा नाही. त्यासाठी 'क्राउड डेन्सिटी' लो करा आणि फ्रेम्सची कमाल मर्यादा ३० लावा. एकसारखे ३० हे २५ ते ४५ मध्ये हेलकावणाऱ्या फ्रेम्सपेक्षा डोळ्यांना कितीतरी सुखावतात.

अडखळतंय कोण, हे ओळखायची खूण : रिझोल्यूशन आणखी उतरवूनही फ्रेम्स वाढल्या नाहीत, तर प्रोसेसर. पंधरावीस मिनिटांनी खेळ मंदावत गेला, तर उष्णता. प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा. संगणक एकदम बंदच पडला, तर आधी पॉवर सप्लायवर संशय घ्या.

प्रश्न : या गेममुळे विल्यम गिब्सन (सायबरपंक कादंबऱ्यांचा लेखक) वाचला. त्याच्याखेरीज या वाटेवरचं कोण वाचावं?

ज्यांच्याकडे लक्षच जात नाही, असे चौघे. गेमशी सर्वांत जवळचा वॉल्टर जॉन विल्यम्स. त्याच्या 'हार्डवायर्ड'मध्ये (१९८६) चिलखती वाहनाशी मज्जातंतू जोडून तस्करी करणारा काउबॉय आहे. माइक पाँडस्मिथचा कागद-फाशांचा मूळ 'सायबरपंक' खेळ १९८८चा; त्याच्यासाठी 'हार्डवायर्ड'च्या जगाची पुस्तिका स्वतः विल्यम्सनेच लिहिली.

जॉन ब्रनर त्याहून जुना. 'द शॉकवेव्ह रायडर' (१९७५) या कादंबरीचा नायक देशाच्या संगणकजाळ्यात शिरून स्वतःची ओळख पुन्हापुन्हा बदलतो आणि शेवटी त्यात एक 'टेपवर्म' सोडतो. संगणकातल्या 'वर्म'ला (स्वतःच्या प्रती पसरवणाऱ्या प्रोग्रॅमला) नाव मिळालं ते इथून. पॅट कॅडिगनची 'सिनर्स' (१९९१) वाचायला अवघड आहे, पात्रं भराभर येतात. पहिली शंभर पानं नेट लावा. तिला आर्थर सी. क्लार्क पुरस्कार मिळाला आहे.

सुरुवात मात्र जेम्स टिपट्री ज्युनियरच्या 'द गर्ल हू वॉज प्लग्ड इन' (१९७३) या दीर्घकथेने करा. हे नाव ॲलिस शेल्डन या लेखिकेचं. १९७७ पर्यंत वाचक तिला पुरुषच समजत होते. कथेत जाहिरातींवर बंदी आहे. म्हणून एक कुरूप मुलगी तळघरातून एका देखण्या देहाला चालवते, आणि तो देह चारचौघांत वस्तू वापरून त्या विकत राहतो. एका बैठकीत वाचून होते.