बोन स्कॅन धूसर येतोय? आधी अंतर बघ

बोन स्कॅनची, म्हणजे किरणोत्सारी औषध टोचून काढलेली हाडांची इमेज धूसर आली, की नवी मुलं लगेच काउंट (कॅमेऱ्याने टिपलेल्या किरणांची संख्या) वाढवायला धावतात. तू आधी कॅमेऱ्याचा डिटेक्टर पेशंटपासून किती लांब आहे ते बघ. कॉलिमेटर (डिटेक्टरपुढची, फक्त सरळ येणारे किरण आत सोडणारी शिशाची जाळी) जितका दूर, तितकं रिझोल्यूशन ढासळतं. हाय-रिझोल्यूशन कॉलिमेटर लावूनही १० सेंटिमीटरची फट ठेवलीस, तर बारीक तपशील हरवणारच. अगदी अंगाजवळ आण, पण पेशंटला आधी सांगून. घाबरून हलला तर सगळंच वाया. टेक्नेशियमचा (औषधातल्या किरणोत्सारी द्रव्याचा) १४० केईव्हीचा पीक, म्हणजे त्याच्या किरणांची ठरलेली ऊर्जा, आणि युनिफॉर्मिटी, म्हणजे कॅमेरा सगळीकडे सारखंच टिपतो का, हे रोज तपास. इंजेक्शननंतर २ ते ४ तास जाऊ देत, आणि टेबलवर घेण्याआधी लघवीला पाठवच. भरलेल्या मूत्राशयाआड कमरेखालची हाडं झाकली जातात. औषध शिरेबाहेर गेलं असेल तर जागा नोंदव. अशा वेळी काखेतली लसिका गाठ (लिम्फ नोड) उगाच चमकते आणि डॉक्टरांची दिशाभूल होते.