गुंगीचे औषध आणि आईने जाता जाता सांगितलेले घोरणे

"मॅडम, भूल दिल्यावर लेकरू उठंल का नाही, एवढंच सांगा." अंबाजोगाई तालुक्यातून लातूरला माझ्याकडे आलेल्या एका आईचा हा प्रश्न विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांकडून मी वारंवार ऐकते. तिच्या सात वर्षांच्या, डाऊन सिंड्रोम (गुणसूत्रांतला जन्मजात फरक) असलेल्या मुलाच्या चार दाढा किडल्या होत्या, ठणक्यामुळे तो रात्र रात्र रडत होता आणि एका दवाखान्यात 'तोंडावाटे औषध देऊन गुंगीतच काम उरकू' असे तिला सांगितले गेले होते.

औषध ठरवणे हे डॉक्टरांचे काम. त्यांच्यापुढे कोणती माहिती ठेवायची, एवढे मात्र मी पालकांसोबत बसून नीट लावून देते. फायलीत टू-डी एकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, अहवाल होता, पण तो मूल वर्षाचे असतानाचा. डाऊन सिंड्रोमच्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मजात हृदयदोष असतो, म्हणून मी आधी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले. सर्वांत महत्त्वाची गोष्ट ती निघता निघता बोलली: "रात्री लई घोरतंय, मधीच श्वास अडकतो, मग बसूनच झोपतंय." तिला ती मुलाची सवय वाटत होती. मी तिला पुन्हा बसवले. ज्याचा श्वासमार्ग मुळात अरुंद आहे आणि झोपेतही अडतो, त्याला गुंगी दिली की तो धोका वाढतो. शिवाय तोंडावाटे दिलेल्या औषधाची मात्रा परिणाम पाहत कमी-जास्त करता येत नाही, त्यामुळे हलकी ठरवलेली गुंगी गाढ होऊ शकते. नाकावरच्या मास्कमधून दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा गुंगीचा वायू सौम्य खरा, पण हे मूल डोक्यावर टोपीसुद्धा ठेवू देत नव्हते.

डॉक्टरांना विचारायचा प्रश्न तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतला: तुमची नजर तोंडात असताना श्वासाकडे कोण पाहणार, आणि श्वास थांबला तर तो माणूस काय करू शकेल? ऑक्सिजन घटल्याचे बोटावरचे यंत्र जरा उशिराच दाखवते. प्रत्येक श्वास दाखवणारा कॅपनोग्राफ त्याआधी सावध करतो.

शेवटी छत्रपती संभाजीनगरच्या एका रुग्णालयात भूलतज्ज्ञांनी, श्वास अडू नये म्हणून श्वासनलिकेत नळी घालून, पूर्ण भूल द्यावी आणि चारही दाढांचे काम एकाच वेळी व्हावे, असे ठरले. दूध सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, हे मी आजीला मुद्दाम वेगळे समजावले, कारण उपाशी नातवाचे तोंड पाहून मायेने दिलेले एक बिस्कीटही भुलेत उलटून फुप्फुसात जाऊ शकते.

घोरण्याचा इतिहास असल्याने त्याला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी आईचा फोन आला, "उठलंय मॅडम, पाणी पिलंय." घोरण्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांची वेळही तिने तिथेच घेतली होती.