थायरॉईडची गोळी, दूध कट्टा आणि पोटातले बॅक्टेरिया

प्रश्न : मला हाशिमोटो थायरॉईड आहे, अँटी-टीपीओ (थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज) वाढलेलं. सकाळी ७५ मायक्रोग्रॅमची थायरॉक्सिन (थायरॉईड हार्मोनची गोळी) घेते आणि लगेच मिस्टरांबरोबर गंगावेशीत दूध कट्ट्यावर ग्लासभर म्हशीचं दूध. ॲसिडिटीची गोळी पण रोज चालू. टीएसएच (थायरॉईड हार्मोन कमी पडलं की रक्तात वाढतं ते) कधी ४ येतं कधी ९. जाऊबाई म्हणतात हे सगळं पोटातल्या बॅक्टेरियामुळं, प्रोबायोटिक (चांगल्या बॅक्टेरियांची) पावडर घे आणि थायरॉईडची गोळी बंद कर. करू का?
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, गोळी अजिबात बंद करू नका. हाशिमोटोत आपलीच प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीवर उलटते, हार्मोन कमी पडतं आणि ते बाहेरनं द्यावंच लागतं, कुठलाच बॅक्टेरिया थायरॉक्सिन बनवून देत नाही. जाऊबाईंचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही बरं का, अशा पेशंटच्या आतड्यातले बॅक्टेरिया निरोगी माणसांपेक्षा वेगळे दिसतात हे अभ्यासांत आलंय, पण ते आजाराचं कारण की परिणाम हे ठरलेलं नाही, आणि प्रोबायोटिकच्या चाचण्या छोट्या आहेत, त्यांच्या जोरावर डोस बदलण्यासारखं काही नाही.

तुमच्या बाबतीत मला खरा संशय दुधाचा आहे. दुधातलं कॅल्शियम गोळीला चिकटतं मग ती आतड्यात नीट शोषलीच जात नाही. एरवीसुद्धा साधारण ६० ते ८० टक्केच शोषली जाते. तेव्हा गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या, नंतर तासभर चहा-नाश्ता काही नको, आणि कट्ट्यावर जायचं तर संध्याकाळी जा की! कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असाल तर त्या आणि थायरॉक्सिन यांत ४ तासांचं अंतर ठेवा.

दुसरं ॲसिडिटीचं. थायरॉक्सिनची गोळी विरघळायला पोटात ॲसिड लागतं, आणि रोजच्या पँटोप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळीनं तेच कमी होतं. जठरात एच पायलोरी नावाचा बॅक्टेरिया बसला असेल तरी तेच होतं, तो अँटिबायोटिकच्या कोर्सनं गेला की आहे त्याच डोसवर टीएसएच खाली आलेलं बघायला मिळतं, कधीकधी तर डोस कमी करावा लागतो. म्हणून डॉक्टरांना एच पायलोरीची तपासणी करू का असं स्पष्ट विचारा, शौचाची किंवा श्वासाची टेस्ट असते, त्याआधी २ आठवडे ॲसिडिटीची गोळी थांबवावी लागते नाहीतर रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, पण ती त्यांना विचारूनच थांबवा.

गोळीची वेळ बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा, त्याआधी केलेल्या रिपोर्टवरनं काही कळत नाही. आणि मधेच दिवस गेले, म्हणजे गर्भ राहिला, तर मात्र थांबू नका, लगेच डॉक्टरांकडं जा, तेव्हा डोस बहुतेक वाढवावाच लागतो.