आईसाठी कमरेचा पट्टा शिवताय? आधी त्यांना खुर्चीत बसवा

ताई, तुमचा प्रश्न वाचला. आई अडुसष्ट वर्षांच्या, पोट सुटलेलं, उठता-बसता कंबर धरते. डॉक्टरांनी काही आठवडे लंबर बेल्ट लावायला सांगितलाय. दुकानातून आणलेला बेल्ट बसलं की वरून गुंडाळला जातो आणि कमरेच्या हाडावर रुततो. तुम्ही ब्लाउज शिवता, म्हणून घरीच शिवावा असा विचार आहे. जमेल. कॅलिपर (पायाला आधार देणारी साधनं) आणि पट्टे बनवणाऱ्या कार्यशाळेत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यातलं उपयोगाचं सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ज्याला आपण कमरेचा पट्टा म्हणतो तो खरं तर पोटाचा पट्टा असतो. कण्याच्या पुढ्यात पोटाची पोकळी आहे. तिला भोवताली स्नायूंची भिंत, वर श्वासपटल आणि खाली ओटीपोटाचा तळ. ही भिंत ताठ असली की आतला दाब कण्यावरचा थोडा भार वाटून घेतो. पोट सैल पडून पुढे झुकलं की ते वजन कंबर मागून ओढून धरते आणि दुखते. म्हणून पट्ट्याने करायचं मुख्य काम पुढे आहे: पोट खालून वर आणि आत धरायचं. पाठीमागचा भाग वाकण्याला थोडा लगाम घालतो, ऊब देतो, 'जरा सांभाळून' अशी आठवण करून देतो. दुकानात गिऱ्हाईक मागची बाजू दाबून बघतं, म्हणून सगळी जाड पट्टी आणि गादी मागे घातलेली असते आणि पुढे नुसतं इलास्टिक. तुम्ही उलट करा. डोकं आणि कापड पुढच्या भागावर खर्च करा.

आता मापं. बहुतेक जण उभं करून बेंबीवरून एक टेप फिरवतात आणि संपलं. तुम्ही तीन घेर घ्या: बरगड्यांच्या खाली, बेंबीवर, आणि पोटाखालून कमरेच्या हाडाला धरून. सुटलेल्या पोटात मधलं माप सगळ्यात मोठं आणि खालचं त्यापेक्षा कमी निघतं. सरळ आयताकृती पट्टा अशा अंगावर लावला की तो कमी घेराकडे घसरणार किंवा वरून दुमडणार, दुसरं काही होऊच शकत नाही. ब्लाउजला टक्स का घालतो ते तुम्हाला सांगायला नको, इथेही तेच. मागच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना टक्स घ्या आणि पुढच्या पाकळ्यांची, म्हणजे पोटावर एकमेकींवर चढणाऱ्या दोन तुकड्यांची, खालची कड किंचित गोलाईत कापा, म्हणजे ती पोटाखाली जाऊन बसेल.

चौथं माप सगळ्यात महत्त्वाचं आणि तेच कुणी घेत नाही. आईंना लाकडी खुर्चीत बसवा. बसल्यावर शेवटच्या बरगडीपासून मांडीच्या घडीपर्यंत पुढून किती अंतर उरतं ते मोजा. उभं असताना हेच अंतर बरंच जास्त असतं. पुढची उंची बसलेल्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमीच ठेवायची. तुमच्या दुकानी बेल्टची वरची कड गुंडाळते ती नेमकी यामुळे: बसल्यावर त्याला मावायला जागाच उरत नाही, मग खालून मांडी ढकलते आणि वरून बरगडी. पुढे १५ ते १८ आणि मागे २२ ते २५ सेंटिमीटर उंची साधारण बसते, पण आई ठेंगण्या असतील तर छापील आकडे विसरा आणि खुर्चीतलं माप धरा.

हाडावर रुततं त्याचं कारणही समजून घ्या, म्हणजे उपाय आपोआप सुचेल. पट्टा अंगावर किती दाब देतो हे तो किती जोरात ओढलाय, किती रुंद आहे आणि अंग तिथे किती गोल आहे यावर ठरतं. ओढीला रुंदीने भागायचं, मग गोलाईच्या त्रिज्येने. समजा खालचा घेर ९४ सेंटिमीटर, म्हणजे सरासरी त्रिज्या १५. पट्टा २० सेंटिमीटर रुंद आणि ओढ साधारण ४ किलोची. दाब येतो पाऱ्याच्या १० मिलिमीटरइतका, सुसह्य. पण कमरेच्या हाडाच्या टोकाशी गोलाई लहान असते. त्रिज्या ५ धरली तर तोच पट्टा, तीच ओढ, आणि दाब तिप्पट: ३०. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला दाब सुमारे तेवढाच असतो, म्हणून तिथे लाल होतं, आग होते. ओढ कमी केली तर पोटाला आधार राहत नाही. म्हणून ओढ तीच ठेवायची आणि हाडाच्या जागी पट्ट्याच्या आतून मऊ अस्तराचा तुकडा असा लावायचा की टोक मोकळं राहील आणि भार त्याच्या आजूबाजूला पसरेल. टोकावरच गादी ठेवलीत तर दाब आणखी वाढेल.

याच हिशेबातून पाठीचंही कोडं सुटतं. कमरेला मागे खळगा असतो. ताणलेलं कापड खळग्यात शिरत नाही, ते वरून पुलासारखं जातं. तुम्ही कितीही घट्ट ओढा, तिथे हात घालून बघाल तर पोकळ लागेल. खळग्यात दाब द्यायचा तर कडक काहीतरी हवं. म्हणून मागे कड्या, म्हणजे कडक चपट्या उभ्या पट्ट्या घालतात, कार्यशाळेत आम्ही त्यांना स्टे म्हणतो. चार पुरतात, मणक्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन. मधोमध एकही नको, मणक्याची टोकं तिथे हाताला लागतात आणि सडपातळ माणसाचं कातडं तिथेच सोलतं. आतल्या दोन कड्या रेषेपासून अडीच-तीन सेंटिमीटर दूर ठेवा.

कड्या कशाच्या? ॲल्युमिनियमची पट्टी मिळाली तर उत्तम, कारण ती हाताने वाकवून आईंच्या खळग्याच्या आकाराची करता येते. स्प्रिंग स्टीलची सपाट पट्टी एकाच दिशेला वाकते, गुंडाळीची स्टीलची दोन्ही दिशांना. स्वस्त बेल्टात पीव्हीसीच्या असतात. त्या अंगाच्या उबेने मऊ पडतात आणि महिन्याभरात जशा बसाल तशा वाकड्या राहतात. हार्डवेअरच्या दुकानात रुंद, जाड केबल टाय मिळतात. घरगुती शिलाईत पुढच्या बाजूला ते छान चालतात. काहीही वापरा, टोकं गोल घासून घ्या आणि चिकटपट्टीची टोपी चढवा. कडी ज्यात सरकवायची ती कापडी नळी कडीपेक्षा सेंटिमीटरभर लांब शिवा आणि दोन्ही तोंडांशी आडवी पक्की टीप मारा. नळी तंतोतंत झाली तर वाकताना कडी कापड फाडून बाहेर येते आणि बरोबर बरगडीखाली टोचते.

पुढे दोन छोट्या कड्या पुरतात, बेंबीच्या दोन्ही बाजूंना चार बोटांवर. गुंडाळी होण्यावर हा दुसरा इलाज.

कापड. निओप्रीन, म्हणजे ते रबरासारखं जाड कापड, मुळीच घेऊ नका. जिममधली पोरं घालतात ते ठीक, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात आई दुपारपर्यंत काढून फेकतील आणि आत घामोळं येईल ते वेगळंच. मागच्या तुकड्याला ड्रिल किंवा जाड जीन, आत मांजरपाटाचं किंवा मऊ सुती अस्तर. हा भाग अजिबात ताणला जाता कामा नये. पुढच्या दोन पाकळ्याही बिनताणाच्या. ताण फक्त दोन्ही कुशींना, विणलेल्या रुंद इलास्टिकचा. सगळाच पट्टा इलास्टिकचा केला तर श्वास घेताना बरं वाटतं, पण वाकताना तोही वाकतो, मग लावून उपयोग काय?

लांबीचा हिशेब ९४च्या घेरावर असा. मागचा तुकडा ३०. पुढच्या दोन पाकळ्या १८-१८, त्या एकमेकींवर १२ चढणार, म्हणजे पुढे प्रत्यक्षात २४ झाकलं जाईल. उरले ४०, प्रत्येक कुशीला २०. इलास्टिक पाव हिस्सा ताणलेलं असताना नीट काम करतं, म्हणून १६-१६चे तुकडे कापा, ते ताणून २० होतील. शिलाईची माया वेगळी धरा. १२ची चढण मुद्दाम मोठी ठेवली आहे, जेवणाआधीचं आणि जेवणानंतरचं पोट सारखं नसतं.

व्हेल्क्रोची खरखरीत बाजू वरच्या पाकळीला आतून लावा, आणि ती मऊ बाजूपेक्षा लहान ठेवा, म्हणजे आईंनी कुठेही चिकटवलं तरी ती पूर्ण झाकली जाईल. एक कोपरा उघडा राहिला की साडीचे धागे ओढलेच म्हणून समजा, जॉर्जेट तर एका दिवसात जाते.

यानंतर दुहेरी ओढ, ही खरी गंमत. आधी मुख्य पट्टा हलक्या हाताने बंद करायचा, मग मागच्या तुकड्याला जोडलेल्या दोन वेगळ्या पट्ट्या कुशीवरून पुढे ओढून मुख्य पट्ट्यावर चिकटवायच्या. ओढ पुढे-खाली, पोटाच्या बुडाशी येते. आईंच्या बोटांत संधिवात असेल तर प्रत्येक पट्टी मुख्य पट्ट्यावर शिवलेल्या डी रिंगमधून (इंग्रजी D च्या आकाराची रिंग) काढून उलटी फिरवा. घर्षणात थोडं जातं, तरी जवळपास निम्म्या जोरात काम होतं. मोठ्या कंपन्यांच्या दोरी-कप्पीवाल्या बेल्टात हेच तत्त्व आहे, पैसे मात्र चांगलेच मोजावे लागतात.

साडीचं सांगायचं राहिलं. परकराची नाडी पट्ट्याखाली आली की गाठ बरोबर जांघेच्या वर दाबते आणि दोष पट्ट्यावर येतो. आधी पातळ सुती बनियन, त्यावर पट्टा, त्यावर परकर. नाडीऐवजी परकराला रुंद इलास्टिक घाला. आई भारतीय पद्धतीच्या संडासात बसत असतील तर प्रत्येक वेळी पट्टा सैल करावा लागेल. उकिडवं बसताना आवळलेलं पोट खाली ढकललं जातं, ते बरं नाही. म्हणून उघडझाप सोपी आणि पुढूनच हवी.

पट्टा लावायचा तो निजून. पलंगावर उताणं झालं की पोट आपोआप आत-वर जातं. त्याच वेळी मुख्य पट्ट्याची खालची कड आधी आणि वरची नंतर चिकटवायची, मग कुशीवरच्या पट्ट्या ओढायच्या. उभं राहून आवळलं तर पोट पट्ट्याच्या खालून लोंबतं आणि आईंना वाटतं की घट्ट बसलंय. पट्ट्याच्या आत सपाट हाताची चार बोटं सरकली पाहिजेत, मोठा श्वास पूर्ण घेता आला पाहिजे.

पक्क्या कापडाला हात लावण्याआधी मांजरपाटाचा कच्चा पट्टा शिवा. टाचण्यांनी नव्हे, कच्च्या टिपेने, टाचणी टोचली तर आई पुन्हा ट्रायल देणार नाहीत! खुर्चीत बसवा, मांडी घालून बसवा, चार पायऱ्या चढायला लावा. मग काढून कातडं बघा. लाली थोड्या वेळात गेली तर चालेल, अर्ध्या तासानेही तशीच असेल तर त्या जागी बदल करा. मधुमेह असेल तर पायासारखीच इथलीही कातडी रोज बघायची, कारण तिथे दुखणं उशिरा कळतं.

काही बाबतीत मात्र शिलाई मशीन बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना पुन्हा विचारा. पायात बधिरपणा किंवा ताकद कमी होणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, ताप, पडल्यानंतर सुरू झालेली कळ, यात पट्ट्याने वेळ काढू नका. ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी दवाखाना. हर्निया असेल आणि निजल्यावर आत जात नसेल तर त्यावर पट्टा अजिबात बांधायचा नाही. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल किंवा रात्री छातीत जळजळत असेल तर पोटावर वाढवलेला दाब तो त्रास वाढवू शकतो. बाळंतिणीसाठी कुणी हे वाचत असेल तर हा नमुना तुमचा नाही, तिथे कड्यांशिवाय मऊ सुती बाइंडर (पोटाला गुंडाळायचा पट्टा) लागतो आणि सिझेरियनच्या टाक्यांवर शिवण येता कामा नये.

खाली एका सदस्याने लिहिलंय की गोदामातल्या सगळ्या पोरांना असे पट्टे द्या, कंबर दुखणारच नाही. तसं नाही. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-आरोग्य संस्थेने १९९४ मध्येच सांगितलं की धडधाकट माणसाची कंबर पट्ट्याने वाचते याला पुरेसा पुरावा नाही. पुढे त्यांनीच १६० दुकानांतल्या ९ हजारांवर कामगारांची पाहणी केली, ती २००० साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. रोज बेल्ट घालणारे आणि जवळजवळ न घालणारे, पाठदुखीत फरक नव्हता. वजन उचलणाऱ्या खेळाडूंचा चामडी पट्टा वेगळा. ते श्वास रोखून पोट त्यावर दाबतात, दोन-चार सेकंदांचं काम असतं. आईंचा पट्टा दुखण्याच्या काळात चालता-फिरताना काही तास लावायचा, झोपताना काढायचा. कधी बंद करायचा ते डॉक्टर सांगतील.

धुताना व्हेल्क्रो बंद करा, ॲल्युमिनियमच्या कड्या काढता येतील अशी नळीच्या वरच्या तोंडाला झडप ठेवा, थंड पाण्यात हाताने धुवा, सावलीत वाळवा. उन्हाने आणि इस्त्रीने इलास्टिक मरतं. दोन पट्टे शिवलेत तर पावसाळ्यात अडचण येणार नाही.

तिन्ही घेर आणि बसल्यावरचं पुढचं माप इथे टाका, सेंटिमीटरमध्ये. आई डावखुऱ्या असतील तर तेही सांगा, वरची पाकळी कुठल्या बाजूची ठेवायची ते त्यावर ठरतं. त्यावरून पेपर कटिंग कसं आखायचं ते लिहितो.