चिलखत विणायचे की घडवायचे?

फोंड्याच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्ययुगीन युरोपीय धर्तीची चिलखते तयार करण्याचा त्यांना छंद आहे. काही चिलखते ते तारेच्या कड्या एकमेकींत गुंतवून करतात, तर काही पोलादी पत्रा ठोकून. गावच्या वाचनालयात त्यांचे छोटे प्रदर्शन मांडायचे असून वस्तूंजवळचे फलक मराठीत लिहायचे आहेत. पहिल्या प्रकाराला ‘साखळी चिलखत’ आणि दुसऱ्याला ‘कवच’ म्हटलेले चालेल का, ‘बख्तर’ हा शब्द नेमका कशाला लावावा आणि हे काम करणाऱ्याला काय म्हणावे, असे त्यांचे प्रश्न आहेत.

माझे मत असे, की ‘चिलखत’ हा शब्द दोन्ही प्रकारांना कवेत घेणारे सामान्यनाम म्हणून ठेवावा आणि भेद दाखवायला त्यामागे विशेषण लावावे: कड्यांच्या प्रकाराला ‘विणीचे चिलखत’, पत्र्याच्या प्रकाराला ‘घडीव चिलखत’. ‘साखळी चिलखत’ आणि ‘कवच’ हे दोन्ही शब्द या फलकांवर नसावेत.

‘कवच’ शब्दात चूक काहीच नाही, पण त्याच्यावर आता इतर अर्थांचे ओझे फार झाले आहे. कर्णाची कवचकुंडले, नवरात्रात म्हटले जाणारे देवीकवच, विमा कंपन्यांचे विमाकवच, कासवाचे आणि गोगलगाईचे कवच, अशा सर्व ठिकाणी तो ‘रक्षण करणारे आवरण’ एवढ्या व्यापक अर्थाने वापरला जातो, आणि यांपैकी बहुतेक आवरणे हातोड्याने घडवलेली नसतात. ‘चिलखत’ या फारसी वळणाच्या शब्दाचा लष्करी अर्थ मात्र आजही टिकून आहे. सैन्यातील रणगाड्यांच्या दलाला आपण चिलखती दल म्हणतो, गाडीला चिलखती गाडी म्हणतो. तिथे ‘कवची’ असा शब्द कोणी चालवत नाही. ज्या शब्दाने वाचकाच्या डोळ्यांसमोर थेट लोखंड उभे राहते, तो हाताशी असताना दुसरा का शोधावा?

‘साखळी चिलखत’ या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण तो इंग्रजी ‘चेनमेल’चे शब्दशः रूप आहे आणि मूळ इंग्रजी शब्दच डळमळीत पायावर उभा आहे. मध्ययुगात या वस्तूला नुसते ‘मेल’ म्हणत. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन ‘माकुला’ या शब्दाचे ठिपका आणि जाळ्याचे छिद्र असे दोन्ही अर्थ होतात. त्याच मुळातून निघालेला पोर्तुगीज ‘माल्या’ हा शब्द जाळ्याच्या विणीलाही लागतो आणि चिलखतालाही. मेलच्या आधी ‘चेन’ जोडण्याची रीत फार नंतरची, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील जुन्या शस्त्रांच्या अभ्यासकांनी आणि कादंबरीकारांनी रूढ केलेली आहे. पुढे योद्ध्यांच्या काल्पनिक भूमिका घेऊन खेळायच्या खेळांच्या पुस्तकांतून ‘प्लेट मेल’ असाही शब्द पसरला, ज्याचा अक्षरशः अर्थ ‘पत्र्याची जाळी’ असा होतो. अशा शब्दांची भाषांतरे करत बसलो, तर त्यांचा गोंधळ आपण विनाकारण मराठीत आणू.

शिवाय ही वस्तू साखळी नाहीच. साखळीतील प्रत्येक कडी फक्त दोन शेजारणींना धरते. युरोपीय चिलखताच्या सर्वांत प्रचलित, ‘एकात चार’च्या विणीत प्रत्येक कडी चार कड्यांतून जाते आणि त्या चारांपैकी प्रत्येकही अशीच चार कड्यांना धरते. म्हणून ती लांबीत न वाढता चारही दिशांनी पसरते आणि कापडासारखी अंगावर पडते. कौटिलीय अर्थशास्त्रात आयुधागाराच्या प्रकरणात संरक्षक साधनांची जी यादी आहे, तिची सुरुवातच ‘लोहजालिका’ या शब्दाने होते, आणि हा शब्द जाळ्यावरून आला आहे हे सांगायला नको. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला जाळ्याचा आस, म्हणजे विणीतले छिद्र, काय असते हे जितके ठाऊक असते, तितके साखळीवरून ते कोणाला कळणार नाही. ‘जाळीचे चिलखत’ हा शब्द म्हणूनच अर्थाला धरून आहे आणि कोणी तो वापरला तर मी हरकत घेणार नाही. अडचण एवढीच, की आज ‘जाळी’ म्हटले की खिडकीची किंवा कुंपणाची, यंत्रावर तयार होऊन गुंडाळ्यांत विकली जाणारी जाळी आठवते आणि त्या शब्दात हाताची मेहनत दिसत नाही.

ती मेहनत ‘वीण’ या शब्दात दिसते. काम असे होते: तार एका सळईवर घट्ट गुंडाळून लांब वेटोळे करायचे, ते कटरने कापून सुट्या कड्या पाडायच्या, मग दोन पकडींनी एकेक कडी उघडून, शेजारच्या कड्यांतून घालून पुन्हा मिटवायची. उघडताना कडीची टोके बाजूंना फाकवायची नसतात. एक टोक पुढे आणि दुसरे मागे असे पिळायचे असते, नाही तर गोलाई कायमची बिघडते. १.६ मिलिमीटर जाडीच्या तारेची आणि ८ मिलिमीटर आतील व्यासाची कडी या कामात बरीच वापरली जाते. आतील व्यासाला तारेच्या जाडीने भागले की इथे ५ हा आकडा येतो. या आकड्याला ‘कडीचे प्रमाण’ म्हणावे, असे सुचवतो. ते ३ च्या आसपास उतरले की एकात चारची वीण बसतच नाही आणि फार वाढले की जाळे ढिले पडून शस्त्राचे टोक आत शिरू देते. एका अंगरख्याला अशा कड्या हजारोंच्या संख्येने लागतात. हे सगळे विणकाम आहे, फक्त सुई नाही. त्यामुळे ‘मी चिलखत विणतो’ हे वाक्य ऐकणाऱ्याला क्षणभर खटकले, तरी ते अगदी अचूक आहे.

फलकावर एक भेद आवर्जून लिहावा. छंद म्हणून केलेल्या बहुतेक चिलखतांत कडीची टोके नुसती एकमेकांना भिडवलेली असतात, तर मध्ययुगीन युरोपातील चिलखतांत ती चपटी करून, भोक पाडून, बारीक रिव्हेट मारून जोडलेली असत. पहिलीला ‘भिडवलेली कडी’ आणि दुसरीला ‘रिव्हेटची कडी’ म्हटले की पुरे. रिव्हेटला संस्कृत प्रतिशब्द घडवण्याच्या फंदात पडू नये. तसेच कुंपणाची जस्ताचा मुलामा दिलेली तार वापरली असेल, तर तेही लिहावे, कारण गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत साधी लोखंडी तार एका पावसाळ्यात गंजते आणि छंद करणारे मुलाम्याच्या किंवा स्टेनलेस तारेकडे का वळतात, हे पाहणाऱ्याला त्यातून कळते. मुलाम्याची तार भट्टीत मात्र घालू नये. जस्ताची वाफ बाधते.

आता पत्र्याचा प्रकार. ‘प्लेट’ला मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. मांडवी आणि जुवारीच्या काठांवरच्या बार्ज बांधणाऱ्या यार्डांत ‘प्लेट’ म्हणजे जाड पोलाद, आणि पातळ पोलाद म्हणजे ‘पत्रा’. चिलखताचे पोलाद साधारण १ ते २ मिलिमीटर जाडीचे असते आणि छंद करणारे बहुधा १६ किंवा १८ गेजचा, म्हणजे सुमारे १.६ किंवा १.२ मिलिमीटरचा पत्रा घेतात. दुकानदाराच्या हिशेबाने तो निःसंशय पत्राच. तरीही ‘पत्र्याचे चिलखत’ असा फलक लावला, तर जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकात सोनेरी रंग फासून अंगावर बांधलेला डब्याचा पत्रा लोकांना आठवेल, आणि इतकी मेहनत करणाऱ्या माणसावर तो अन्याय ठरेल. ‘पत्री चिलखत’ म्हणावे, तर पत्री शब्द चतुर्थीच्या पूजेने आधीच अडवलेला आहे. अर्थशास्त्राच्या त्याच यादीत ‘पट्ट’ हा शब्द येतो, तो सुबक आहे, पण आजच्या वाचकाला तो कमरेच्या पट्ट्याकडे नेतो. या सगळ्यांतून ‘घडीव’ हा शब्द मला सर्वांत बरा वाटतो. घडीव दगड, घडीव लोखंड असे आपण म्हणतोच, आणि त्यात हातोडा ऐकू येतो.

घडवण्याच्या क्रियांना मराठीत शब्दांची वाण नाही, कारण तांबटांनी आणि लोहारांनी ते केव्हाचे तयार ठेवले आहेत. लाकडाच्या ओंडक्यात खळगा करून त्यात पत्रा ठोकतात, ते ‘खोलवणे’. ऐरण, घण, सांडशी, छन्नी, कानस ही नावे जशीच्या तशी चालतात. शेजारी शेजारी हलके ठोके घालत जाण्याला तांबट ‘मठारणे’ म्हणतात. चिलखतावर हे काम ठोक्यांचे डाग पुसून पृष्ठभाग सपाट करण्यासाठी होते, तर तांब्याच्या हंड्यावर ठोक्यांची खूण शोभा म्हणून मुद्दाम राखतात. हेतू वेगळा असला तरी हाताची क्रिया तीच असल्याने हा शब्द बिनदिक्कत घ्यावा. ‘पाणी देणे’ या शब्दाविषयी मात्र सावध राहावे. पोलाद लाल तापवून एकदम थंड करणे, असा त्याचा नेमका अर्थ आहे, आणि बाजारातल्या साध्या मऊ पोलादात कार्बन इतका कमी असतो की पाणी देऊन त्याला फारसा कठीणपणा येत नाही. ठोकून कडक झालेला पत्रा पुन्हा मऊ करण्यासाठी तापवून सावकाश निवू देणे ही याच्या उलट क्रिया आहे. तिला ‘निववणे’ म्हणावे. या दोहोंची सरमिसळ मी पुष्कळ मराठी लिखाणात पाहिली आहे.

घडीव चिलखत रंगवलेले पाहायचे असेल, तर जुन्या गोव्यातील पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांच्या चित्रांची जी मालिका आहे, ती निवांतपणे पाहावी. जुआंव द काश्त्रू याच्या काळात, १५४७ मध्ये, ती सुरू झाली. चित्रांवर पुढे वेळोवेळी नवा रंग चढला असल्याने प्रत्येक बारकाव्यावर विसंबता येत नाही, पण छाती, खांदे आणि हात यांचे वेगवेगळे भाग कसे जोडलेले असत, याची कल्पना येते. या भागांच्या नावांसाठी पुन्हा अर्थशास्त्राकडे जावे: डोक्याला शिरस्त्राण आणि गळ्याला कंठत्राण हे शब्द तिथे तयार आहेत. त्याच नमुन्यावर छातीला उरस्त्राण आणि गुडघ्याला जानुत्राण म्हणता येईल. हातमोज्यांना मात्र ‘दस्ताने’ हाच शब्द हवा. ‘बाजूबंद’ हा फारसीत हाताच्या चिलखताचाही शब्द आहे, पण मराठीत त्याचा दागिना झाला आहे, म्हणून तो टाळावा.

‘बख्तर’चा प्रश्न इथे सुटतो. हिंदुस्थानी आणि इराणी परंपरेत ‘जिरह’ म्हणजे कड्यांची जाळी, ‘बख्तर’ म्हणजे कड्यांच्या जाळीत पोलादी पट्ट्या बसवलेला अंगरखा, आणि छाती, पाठ व दोन्ही कुशींवर बांधायच्या चार पोलादी तावदानांचा संच तो ‘चारआईना’. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत अकबराच्या शस्त्रागाराचे जे वर्णन आहे, त्यात ही नावे वेगवेगळ्या वस्तूंची म्हणून येतात. म्हणजे ‘बख्तर’ हा केवळ कड्यांचा प्रकार नव्हे आणि केवळ पत्र्याचाही नव्हे. आपल्या प्रदर्शनात दोहोंचा संयोग असलेली वस्तू असेल, तरच तिला बख्तर म्हणावे. पूर्ण युरोपीय घडीव चिलखताला ते नाव दिल्यास एका परंपरेची पाटी दुसरीच्या गळ्यात पडेल. ‘जिरह’ मराठीत ‘जिरे’ होऊन ‘जिरेटोप’ या शब्दात टिकला आहे, पण तो सुटा वापरायची सोय राहिलेली नाही, कारण ‘मी जिरे विणतो’ असे सांगणाऱ्याला लोक फोडणीविषयी विचारतील. जिरेटोप हा मुळात लोखंडी टोप होता, हेदेखील आज सांगावे लागते. शिवछत्रपतींच्या चित्रांमुळे तो शब्द आता डोक्यावरच्या वस्त्राच्या विशिष्ट घाटाला चिकटला आहे. म्हणून युरोपीय टोपाला ‘जिरेटोप’ म्हणू नये.

चिलखताच्या आत घालायचा, कापूस भरून टाचलेला जाड कपडा आपण शिवलेला असेल, तर त्याला ‘रुईचा डगला’ म्हणावे. माशाच्या खवल्यांसारखे तुकडे कापडावर वा चामड्यावर शिवलेल्या प्रकाराला ‘खवल्यांचे चिलखत’ हे नाव पुरेसे आहे.

करणाऱ्याला काय म्हणावे? ‘लोहार’ म्हणावे, तर विणीचे काम बाहेर राहते. ‘शिकलगार’ हा शस्त्रांना धार आणि चकाकी देणारा. त्याचे काम वेगळे. फारसीत जिरहगर होता, मराठीतही सौदागर, जिनगर अशा शब्दांत ‘गर’ रुळलेला आहे, पण ‘चिलखतगर’ तोंडात बसत नाही. ‘चिलखतकार’ सहज उच्चारता येतो आणि समजतोही. फलकावर तो चालेल. बोलताना ‘चिलखते करतो’ एवढे म्हटले तरी भागते.

राहता राहिले अंगावर घेण्याचे क्रियापद, जे आपण विचारलेले नाही, पण फलकावर लागेल. विणीचा अंगरखा सदऱ्यासारखा डोक्यावरून ओढून ‘घालतात’. त्याचे सुमारे दहा किलोचे वजन खांद्यांवर येते आणि कमरेला पट्टा आवळला की त्यातले काही कमरेवर उतरते. घडीव चिलखताचा पूर्ण संच वीस ते पंचवीस किलोंच्या घरात जातो, पण तो चामडी पट्टे आणि बकले यांनी एकेक भाग करून, बहुधा दुसऱ्याच्या मदतीने, अंगावर ‘बांधतात’, त्यामुळे भार सर्व शरीरावर वाटला जातो. संस्कृतात चिलखताला ‘सन्नाह’ म्हणतात, तो ‘नह्’ म्हणजे बांधणे या धातूपासून, आणि ‘सन्नद्ध’ या आपल्या रोजच्या शब्दाचा मूळ अर्थ चिलखत बांधलेला असाच आहे. तेव्हा पहिल्या वस्तूच्या फलकावर ‘विणीचे चिलखत, घालण्याचे’ आणि दुसरीच्या फलकावर ‘घडीव चिलखत, बांधण्याचे’ असे निःशंकपणे लिहावे.