शाळेतून आल्यावरची भूक

परदेशात वाढणाऱ्या मुलांच्या वजनाचा विषय निघाला की सगळा दोष पिझ्झा-बर्गरवर जातो. पण मुलाचा दिवस एकदा तासांत मांडून बघा. शाळेतला डबा साडेअकरा-बाराला, तोही वीस-पंचवीस मिनिटांत उरकायचा. शेजारच्यानं वासावरून नाक मुरडलं, तर निम्मा डबा तसाच परत येतो. साडेतीनला मूल घरी येतं ते भुकेनं कावलेलं. आईबाबा कामात, जेवण साडेआठला. मधल्या पाच तासांत हाताला लागतं ते फरसाण, चिप्स, ज्यूस. रात्री वर पोटभर भात आणि लगेच झोप. बऱ्याच घरांत वजन वाढतं ते याच पाच तासांत.

म्हणून साडेतीनला खाऊ देऊ नका, जेवण द्या. एक पोळी आणि वाटीभर उसळ, किंवा थालीपीठ-दही, किंवा दोन उकडलेली अंडी आणि पोळी. कडधान्यांतल्या प्रथिनांनी आणि चोथ्यानं भूक दोन-तीन तास दबते. तेच वाटीभर फरसाण घेतलं, तर दोन-तीन पोळ्यांएवढी ऊर्जा पोटात जाते आणि तासाभरात मूल पुन्हा फ्रिज उघडतं. रात्रीचं जेवण मग साडेसहा-सातला आणि हलकं. सगळ्यांनी एकत्र जेवायचा हट्ट असेल, तर मोठ्यांनीच आपली वेळ अलीकडे आणावी.

थंडीत मटकीला मोड येत नाहीत, ही खरी अडचण. दोन वाट्या मटकी रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी निथळून कापडात घट्ट बांधा आणि बंद ओव्हनमध्ये, ओव्हनचा आतला विजेचा दिवा तेवढा लावून ठेवा. दुसऱ्या दिवशी मोड आलेले असतात. ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावायला विसरू नका, नाहीतर कोणीतरी तो तापवायला लावतो! उसळ करून वाटी-वाटीचे डबे फ्रीजरमध्ये टाकले, की आठवड्यातल्या चार-पाच दुपारी निभतात.

पेयांबाबत मात्र सूट देऊ नका. कोलाच्या 330 मिलिलीटरच्या कॅनमध्ये साधारण 35 ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ नऊ चमचे. संत्र्याचा डबाबंद रस ‘नैसर्गिक’ म्हणून भाबडेपणानं दिला जातो, पण त्याच्या मोठ्या पेल्यातही वीस ग्रॅमच्या वर साखर निघते आणि चोथा गेलेला असतो. फळ चावून खाऊ द्या, तहानेला पाणी.

झोप सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास लागते. हालचाल रोज तासभर हवी. चारलाच अंधारतं तिथे आठवड्यातून दोनदा पोहणं आणि बाकीचे दिवस घरात दोरीवरच्या उड्या किंवा नाच.

वाढत्या मुलाचं वजन सहसा उतरवायचं नसतं. ते आहे तिथे थोपवलं, की उंची वाढत जाते आणि अंग आपोआप बसतं. त्याला उपाशी ठेवू नका, ‘जाड्या’ म्हणू नका. सहा महिन्यांसाठी आलेल्या आजीला मूल बारीक दिसतं, कारण तिच्या मनात बाळसं म्हणजे तब्येत. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा साडेतीनचं जेवण तिच्याकडे सोपवा. तिच्या हातचं थालीपीठ मूल नक्की खाईल.

तक्त्यावर वजन ‘नॉर्मल’ आलं म्हणून निर्धास्त राहू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात दिसलं, की तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं बरीच कमी, पण अंगातल्या चरबीत तेवढी मागे नव्हती. म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मापा. पाच वर्षांपुढच्या मुलाचा कमरेचा घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी हवा: 140 सेंटिमीटर उंचीला 70 च्या आत.

आणि मान बघा. मागच्या बाजूला, काखेत कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली असेल, तर तो मळ नाही. उटणं लावून, घासून मुलाला रडवू नका. वजन वाढलेल्या मुलात ती बहुधा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. डॉक्टरांना ती मुद्दाम दाखवा, आणि घरात कोणाकोणाला मधुमेह आहे तेही त्याच भेटीत सांगा.