विमान पाडलं कुणी आणि भरपाई देणार कोण?

प्रश्न: मुलगी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला असते. तिच्या बाळंतपणासाठी मी मुंबईहून अ‍ॅमस्टरडॅमला जाणार आहे. आखाती देशातल्या एका कंपनीचं येण्याजाण्याचं तिकीट काढलंय, पैसे परत न मिळणारं. विमान इराकवरून जातं असं आता कळलं. प्रवास विम्यात तर ‘युद्ध व युद्धसदृश कारवाई’ वगळलेली आहे. मुलीकडे आजही मलेशियाचं विमान पाडल्याचा विषय निघतो. जावई म्हणतात, दोष कंपनीचा, तिथून उडायलाच नको होतं. आमचे हे म्हणतात, क्षेपणास्त्र डागणार एक आणि भुर्दंड दुसऱ्याला, असं कुठलं कोर्ट करेल? तसं काही झालंच तर घरच्यांना काहीच मिळणार नाही का? आणि आता तिकीट रद्द केलं तर?
— एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर: ताई, तुमच्या घरातल्या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत. विमान पाडल्याचा दोष कुणाचा, हा एक. प्रवाशाच्या वारसांना पैसे कुणी द्यायचे, हा दुसरा. पहिल्याचा निकाल लागू दे मग दुसऱ्याचं बघू, असं म्हणून थांबणाऱ्यांचा हक्क बुडतो. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

17 जुलै 2014 रोजी अ‍ॅमस्टरडॅमहून क्वालालंपूरला निघालेलं मलेशियाचं विमान, एमएच 17, पूर्व युक्रेनवर ‘बुक’ नावाच्या क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. 298 माणसं गेली, त्यातली 196 डच. युक्रेननं तीनच दिवस आधी त्या भागातली हवाई हद्द 32 हजार फुटांपर्यंत बंद केली होती. हे विमान उडत होतं 33 हजारांवर. नियमानं मोकळ्या असलेल्या उंचीवर, बंद हद्दीच्या जेमतेम हजार फूट वर. एअर इंडियाचं दिल्लीहून बर्मिंगहॅमला जाणारं विमानही त्या वेळी त्याच भागात होतं. त्यामुळे ‘कंपनीनं तिथून उडायला नको होतं’ हे जावयांचं म्हणणं एकट्या मलेशियाच्या कंपनीवर टाकून भागत नाही. डच सुरक्षा मंडळानं 2015 च्या अहवालात, हद्द पूर्ण बंद करायला युक्रेनकडे पुरेसं कारण होतं, असं स्पष्ट म्हटलं. मला ते पटतं.

आता दोषाचा निकाल किती लांबला ते बघा. हेगच्या न्यायालयानं दोन रशियन आणि एका युक्रेनी आरोपीला जन्मठेप दिली ती नोव्हेंबर 2022 मध्ये, तीही तिघांच्या गैरहजेरीत. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानं रशियाला जबाबदार धरलं ते जुलै 2025 मध्ये. मधे अकरा वर्षं गेली.

आणि विमान कंपनीवर दावा लावायची मुदत किती? दोन वर्षं. विमान पोहोचलं किंवा पोहोचायला हवं होतं, त्या तारखेपासून. एमएच 17 च्या बहुतेक डच कुटुंबांनी ही मुदत संपता संपता, 2016 च्या जुलैपर्यंत, कंपनीशी तडजोड करून घेतली. आरोपींवरचा खटला तेव्हा उभाही राहिला नव्हता.

हे शक्य होतं ते विमान प्रवासातल्या भरपाईबद्दलच्या 1999 च्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारामुळे. भारत 2009 पासून त्यात आहे आणि आपल्या 1972 च्या हवाई वाहतूक कायद्याला तो जोडलेला आहे. प्रवाशाचा मृत्यू विमानातल्या अपघातानं झाला, एवढं दाखवलं की पहिल्या टप्प्याची भरपाई कंपनीला द्यावीच लागते. ‘क्षेपणास्त्र आमचं नव्हतं’ ही सबब तिथे चालत नाही. तुमच्या यजमानांना विचित्र वाटतं ते नेमकं हेच, पण कायदा तसाच आहे. डिसेंबर 2024 पासून करारातली या पहिल्या टप्प्याची मर्यादा 1,51,880 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे विनिमय दरानुसार पावणेदोन-दोन कोटी रुपयांच्या घरात. तेवढी रक्कम आपोआप हातात पडत नाही, नुकसान सिद्ध करावं लागतं. तिकिटावर बारीक अक्षरांत याहून कमी मर्यादा छापली असेल तर ते कलम रद्दबातल ठरतं.

पहिल्या टप्प्याच्या मर्यादेहून जास्त नुकसान मागितलं तर मात्र कंपनी म्हणू शकते, आमचा निष्काळजीपणा नव्हता, किंवा सगळा दोष तिसऱ्याचाच. पण ते सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. 8 जानेवारी 2020 ला तेहरानहून उडालेलं युक्रेनचं विमान इराणच्या क्षेपणास्त्रांनी पडलं, 176 जण गेले. त्याच्या काही तास आधी इराणनं इराकमधल्या अमेरिकी तळांवर मारा केला होता. क्षेपणास्त्र कुणाचं याबद्दल वाद उरला नव्हता, इराणनं तीन दिवसांनी कबुलीच दिली. तरीही कॅनडातल्या ओंटारियोच्या न्यायालयानं जून 2024 मध्ये म्हटलं की उड्डाणाआधी धोका नीट तपासल्याचं कंपनी सिद्ध करू शकली नाही, म्हणून तिला त्या मर्यादेचा आडोसा नाही. जावयांचं म्हणणं खरं वजनदार होतं ते या टप्प्यावर.

दावा कुठे? तुमचं येण्याजाण्याचं तिकीट एकच आहे, हे चांगलं झालं. कायद्याच्या नजरेत अशा प्रवासाचं अंतिम ठिकाण मुंबईच, त्यामुळे भारतात दावा चालतो. जाण्याचं आणि येण्याचं अशी दोन वेगळी तिकिटं असती तर जातानाच्या प्रवासाला हा आधार मिळाला नसता; मृत्यूच्या दाव्यात मात्र प्रवाशाचं कायमचं घर भारतात आणि कंपनीची विमानंही इथे येतात, हा वेगळा आधार उरतो.

विम्यातला युद्धाचा अपवाद हा तुमच्यात आणि विमा कंपनीत. विमान कंपनीच्या जबाबदारीला त्यानं धक्का लागत नाही. आयुर्विमा असेल तर मूळ रक्कम आणि अपघाती लाभ वेगवेगळे वाचा. युद्धाचा अपवाद सहसा अपघाती लाभात असतो.

तिकिटाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. हद्द उघडी आहे आणि कंपनी उडते आहे, तोवर केवळ भीती हे पूर्ण परताव्याचं कारण होत नाही. कंपनी परदेशी असल्यानं परताव्याला तिच्या देशाचे नियम लागतात. तरी कर आणि विमानतळ शुल्क लेखी मागा, ती रक्कमही कमी नसते. कंपनीनं स्वतःच उड्डाण रद्द केलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा ‘क्रेडिट’ (पुढच्या तिकिटात वळतं होणारी रक्कम) घेऊ नका, पैसेच मागा. परतीचं विमान अ‍ॅमस्टरडॅमहून सुटणार असल्यानं त्याला युरोपचे प्रवासी हक्काचे नियमही लागू होतात.

निघण्याआधी तिकिटाची आणि पॉलिसीची एकेक प्रत यजमानांकडे ठेवा. पॉलिसीतलं अपवादांचं पान मला पाठवलंत तर नेमका शब्द बघून सांगेन. काही कंपन्या जादा हप्ता घेऊन तो अपवाद काढतात, तुमच्या कंपनीला आधी तेवढं विचारून घ्या.